बारा ढांगांचा ठिपका

मित्रांनो, मला चाक एकच आहे, तरी सगळे मला गाडी म्हणतात. फुटबॉलच्या मैदानावर तुम्ही ज्या पांढऱ्या रेषा पाहता, त्या मारायचे काम माझे. माझ्या पत्र्याच्या डब्यात चुन्याची भुकटी भरायची, दांडी धरून मला ढकलायचे; चाक फिरले की पोटातला ब्रश फिरतो आणि खालच्या फटीतून भुकटी सांडत जाते. एवढेच माझे यंत्र. कुणी कुणाला फसवले की लोक म्हणतात, चुना लावला. माझा तर सारा जन्मच चुना लावण्यात गेला, पण मी कुणाला फसवले नाही. एकदाच तसे घडले, तेही नकळत. ते एकदाच किती महाग पडले, ते सांगावे म्हणून आज बोलते आहे.

मी कारखान्यात जन्मले नाही. मैदानाची देखभाल करणाऱ्या माणसाच्या मेहुण्याचे वेल्डिंगचे दुकान होते. त्याने मोडक्या सायकलचे पुढचे चाक, तेलाचा डबा, पाण्याचा पाइप आणि बाटल्या धुण्याचा ब्रश एकत्र जोडून मला उभे केले. चाक किंचित वाकडे होते, त्यामुळे माझा ओढा डावीकडे असतो. "मेहुण्याने केलेली वस्तू, ती सरळ कशी चालेल," असे म्हणून त्या माणसाने नाक मुरडले. पण दोन-तीन दिवसांत माझी खोड त्याच्या अंगवळणी पडली. उजव्या मनगटावर जरा भार ठेवला की मी गुमान सरळ चालते. पुढे त्याच्या रेषा इतक्या सरळ येऊ लागल्या की सारे गाव त्याला सरळकाका म्हणू लागले. त्यातला अर्धा मान माझा आहे, हे मात्र कुणाच्या लक्षात आले नाही.

सामन्याच्या सकाळी आमचे काम सुरू होई. मैदानाच्या कोपऱ्यांत आणि गोलसमोरच्या चौकटीच्या टोकांना जमिनीत लोखंडी खुंट्या पुरलेल्या आहेत. खुंटीपासून खुंटीपर्यंत दोरी ताणायची आणि दोरीच्या कडेने मला चालवायचे. त्यात चूक व्हायला जागा नव्हती. खुंटी नव्हती ती एकाच ठिकाणी, पेनल्टीच्या ठिपक्याला. धावणाऱ्यांच्या पायाखाली लोखंड कोण पुरणार? म्हणून सरळकाका गोलरेषेच्या मध्यावर टाच टेकवायचा आणि मैदानाकडे तोंड करून मोजून बारा ढांगा टाकायचा. बाराव्या ढांगेला जिथे बुटाचे टोक येई, तिथे मी थांबायचे, आणि तो माझ्या डब्यावर दोन थापा मारायचा. झाला ठिपका.

ठिपका गोलपासून अकरा मीटरवर असावा लागतो. एकदा लीगचे एक अधिकारी फीत घेऊन मोजायला आले. फरक निघाला बोटभर. अधिकाऱ्यांनी टोपी काढून काकाला सलाम ठोकला, आणि तेव्हापासून काकाला जे चढले ते उतरलेच नाही. "ज्याचा पायांवर भरवसा नाही, त्याने फीत वापरावी," असे तो सांगत फिरायचा. मलाही त्याचा अभिमान वाटायचा, कबूल करते.

आता आमच्या संघाबद्दल सांगायला हवे. आमचे खेळाडू पगारी नव्हेत. गोलकीपर पोस्टमन आहे, बचावाला सुतार आहे, मधल्या फळीत एक दाढीवाला दंतवैद्य आहे. कामाची पाळी संपवून कुणी धावत येतो, तर कुणी सामना संपताच पाळीवर पळतो. त्यांच्या समोर येणारे संघही असेच, आजूबाजूच्या गावांतले. फक्त एक संघ वेगळा. शहरात एक मोठा क्लब आहे. त्याचे पहिले अकरा जण टीव्हीवर दिसतात. पण क्लबने पगार देऊन ठेवलेले खेळाडू पंचवीस-तीस असतात. कुणी दुखापतीतून उठलेला, कुणी वयाने लहान, कुणी नुसताच रांगेत थांबलेला. त्यांचे पाय गंजू नयेत म्हणून क्लबचा राखीव संघ आमच्या स्थानिक लीगमध्ये खेळतो.

तो दिवस वर्षातून एकदाच येई. त्यांची स्वतःची बस, त्यांचा मालिशवाला, सरावाला वीस चेंडू. आमच्याकडे चेंडू तीन, त्यातला एक हवा सोडणारा. "हे आमच्यात कशाला खेळतात," असे सुतार दरवर्षी कुरकुरायचा आणि दरवर्षी सगळ्यांच्या आधी येऊन बूट बांधून बसायचा. पोस्टमनने एका वर्षी टीव्हीवरच्या एका मोठ्या खेळाडूचा फटका अडवला होता. ती गोष्ट पत्रांबरोबर त्याने घरोघरी वाटली.

मी मैदानाच्या कोपऱ्याला अवजारांच्या खोलीशी उभी राहून हे सामने पाहायची. मला एक जाणवायचे. आमचे अकरा जण चुकतमाकत का होईना, संघासाठी खेळायचे. राखीव संघ जिंकला तरी त्याला वरच्या लीगमध्ये जायची परवानगी नव्हती, तसा नियमच होता. म्हणून त्यांचे अकरा जण अकरा वेगवेगळे सामने खेळायचे. प्रत्येकाचा एक डोळा चेंडूवर आणि दुसरा बाकावरच्या कोचच्या वहीवर. मला त्यांची कीव यायची.

त्या अकरांत एक आमचा होता. सरळकाकाचा मुलगा. लहानपणी माझ्या मागे मागे चालून त्याचे पाय कायम चुन्याने माखलेले असत, म्हणून त्याचे नाव पडले चुनू. तो पेनल्टी मारायला शिकला तो माझ्या ठिपक्यावरून. शाळा सुटली की येऊन रोज पन्नास फटके. पंधराव्या वर्षी मोठ्या क्लबने त्याला नेले, तेव्हा आठवडाभर काकाचे पाय जमिनीला लागले नाहीत. पण मोठ्या क्लबात आमच्या चुनूसारखे पुष्कळ होते. आठ वर्षे झाली, चुनू तेवीस वर्षांचा झाला, आणि राखीव संघातच राहिला.

त्याच सुमारास काकाच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. गुडघा बरा झाला, पण चालीत फरक पडला. काकूच्या तो पहिल्या दिवशीच लक्षात आला. ती खेळाडूंच्या कपड्यांवर आकडे शिवून द्यायची, मापे हा तिचा रोजचा धंदा.

"अहो, आता फीत घ्या हातात," ती म्हणाली. "हवी तर माझी शिवणाची न्या. दीड मीटरची आहे, आठदा लावावी लागेल, पण लावा."

"मला मैदान शिकवू नकोस," काका म्हणाला. "गुडघा बदललाय, पाय तेच आहेत."

काकूने फीत गुंडाळून ठेवली. मला तर बोलताच येत नव्हते. त्या वर्षी काका बारा ढांगा टाकी आणि माझ्या डब्यावर दोन थापा मारी, पहिल्यासारख्याच.

मग हंगामाचा शेवटचा सामना आला, आणि तो नेमका राखीव संघाशी. आमच्या संघाला एक गुण हवा होता. बरोबरी झाली तर आम्ही लीगमध्ये टिकणार, हरलो तर खालच्या गटात घसरणार. आणि चुनूचे तर सगळेच त्या दिवसावर अडले होते. त्याचा करार संपत आला होता. पुढच्या फळीतल्या दोघांपैकी एकालाच क्लब ठेवणार होता आणि पाहायला पहिल्या संघाचे मोठे कोच स्वतः येणार होते. सहा सामने चुनूच्या पायातून गोल निघाला नव्हता. आदल्या दिवशी त्याने फोनवर बापाला सांगितले होते, "बाबा, उद्या गोल झाला तर राहिलो, नाहीतर घरी येतो."

त्या सकाळी काका मला चालवताना तोंडातल्या तोंडात बोलत होता. "काय मागू गं मी आज? गोल झाला तर आपला संघ जातो. नाही झाला तर पोरगा जातो." मी आपली कुरकुरत पुढे चालले. गोलरेषेपाशी येऊन त्याने टाच टेकवली आणि बारा ढांगा टाकल्या.

दुपारी बस आली. सरावाला उतरलेला चुनू चेंडू घेऊन ठिपक्यावर गेला आणि एकदम थांबला. त्याने गोलकडे पाहिले, खाली पाहिले, मग कोपऱ्यात गुडघा चोळत उभ्या असलेल्या बापाकडे पाहिले. तो तिथून निघून दुसऱ्या टोकाला गेला. तिथेही तो तसाच थांबला. बाकी कुणालाच काही दिसले नाही, पण मला त्याचा चेहरा दिसला.

सामना चुरशीचा झाला. एकास एक गोल झाले होते, त्यातला त्यांचा गोल दुसऱ्याच कुणी मारला होता. चुनू जीव तोडून पळत होता, पण काही जमत नव्हते. संपायला तीन मिनिटे उरली असताना चेंडू उसळून सुताराच्या हाताला लागला. रेफरींनी शिट्टी वाजवून ठिपक्याकडे बोट दाखवले. पेनल्टी. आमची माणसे कपाळाला हात लावून खाली बसली. राखीव संघाच्या कोचने कुणाकडे न पाहता चुनूचे नाव पुकारले.

चुनूने चेंडू ठिपक्यावर ठेवला. दोन पावले मागे गेला. मग पुढे येऊन त्याने चेंडू उचलला आणि रेफरींकडे गेला. रेफरी शाळेत गणित शिकवायचे.

"सर, ठिपका जवळ आहे," तो म्हणाला. "मोजून घ्या."

"काय मोजायचंय त्यात?" कोच बाहेरून ओरडला. "दोन्हीकडे सारखंच असणार. मार आणि ये."

गोलमधून पोस्टमन चालत पुढे आला. "अरे, जवळ असेल तर तुझ्याच फायद्याचं आहे ना?"

"म्हणूनच," चुनू म्हणाला.

रेफरींनी काकाला बोलावले. काका मला ढकलत, लंगडत, अख्ख्या मैदानासमोरून ठिपक्यापर्यंत आला. माझ्या जन्मात मी चालू सामन्यात मैदानावर गेले ती तेवढीच एकदा. "मोजायची गरज नाही, सर," काका म्हणाला. "बारा ढांगा आहेत. तीस वर्षं बाराच आहेत." त्याचा आवाज चढला होता. मुलाकडे त्याने पाहिले नाही.

फीत कुणाकडे होती? सुताराकडे, कपडे बदलायच्या खोलीत, त्याच्या कामाच्या विजारीच्या खिशात. ज्याच्या हाताला चेंडू लागला, तोच फीत आणायला धावला. फीत पाच मीटरची, त्यामुळे तीनदा लावावी लागली. तिसऱ्यांदा लावल्यावर सुताराने आकडा वाचला आणि उगाच पुन्हा एकदा वाकून पाहिला.

"दहा चाळीस," तो हळू आवाजात म्हणाला.

साठ सेंटिमीटर कमी. मित्रांनो, तुमच्या दप्तरातल्या दोन पट्ट्या एकापुढे एक ठेवा, तेवढे. ऑपरेशनपासून काकाची ढांग पाच सेंटिमीटरने आखूड झाली होती. बारा ढांगांत किती फरक पडला, ते तुम्हीच गुणून पाहा. गुणाकार सोपा आहे, पण तो करायचे आमच्या मनातच आले नाही.

काकाने जुना ठिपका बुटाने पुसला. सुताराने बोट ठेवले तिथे त्याने मला नेले आणि डब्यावर थापा मारल्या. या वेळी दोनाच्या तीन थापा पडल्या आणि ठिपका जरा मोठाच उमटला. मग तो मला ओढत अवजारांच्या खोलीत घेऊन आला आणि आतून दार लोटून घेतले.

आम्हाला काही दिसत नव्हते. आधी शिट्टी ऐकू आली, मग धावत्या पावलांचा आवाज, मग चेंडूला बसलेली लाथ. आणि लगेच दुसरा एक आवाज, तळहातावर चेंडू आदळल्याचा. मग आमच्या गावाने जी आरोळी ठोकली, तिने पत्रे हादरले.

काका पालथ्या बादलीवर बसला. "पोस्टमनने अडवला," तो म्हणाला. "संघ वाचला गं आपला." वाईट बातमी सांगताना माणसाचा आवाज जसा होतो, तसा त्याचा झाला होता. मला फार वाईट वाटले. मेहुण्याने मला पाय दिले असते तर मी त्या दिवशी कुठेतरी निघून गेले असते.

थोड्या वेळाने दार ढकलून चुनू आत आला. मागोमाग काकूही आली, पण उंबऱ्यातच थांबली.

"चारचौघांत सांगायची काय गरज होती?" काका म्हणाला. "मॅचच्या आधी येऊन कानात सांगायचं."

"सांगणारच होतो, बाबा. पण तुम्ही गुडघा धरून उभे होतात. म्हटलं, पेनल्टी झालीच नाही तर कशाला बोलायचं."

"मग झाल्यावर तरी गप्प बसायचं होतंस."

"दुसरा कुणी मारणार असता तर बसलोही असतो. मारणारा मी होतो ना." चुनूने माझ्या दांडीवर हात ठेवला. "तिथून मी डोळे मिटून गोल मारला असता, बाबा. आणि मग जन्मभर डोळे मिटूनच राहावं लागलं असतं."

काकाने बुटावरचा चुना झटकला. "नोकरी गेली का तुझी?"

"बहुतेक."

"तरी मी सांगत होते, आठदा लावा पण लावा," उंबऱ्यातून काकू म्हणाली, आणि पदराने डोळे पुसू लागली. बाहेर बसचा हॉर्न वाजला आणि चुनू गेला.

दोन आठवड्यांनी क्लबचे पत्र आले. ते पोस्टमननेच आणून दिले. पाकीट पाहून त्याला आतले कळले असावे, कारण त्या दिवशी तो दारात थांबून गप्पा न मारता गेला. चुनू घरी परतला. आता तो बस दुरुस्तीच्या आगारात काम करतो आणि पाळी संपवून आमच्या संघातून खेळतो. पहिले वर्ष तो कुणाशी फारसा बोलत नव्हता, मैदानावर यायचा आणि जायचा. टीव्हीवर त्याच्या जुन्या क्लबचा सामना लागला की उठून बाहेर जायचा. एवढे मोठे काही हातून गेले की ते लगेच बरे होत नाही, उगाच तसे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही.

माझेही दिवस बदलले. रंग फवारणारे नवे यंत्र आले, त्याला चार चाके आहेत आणि ते डावीकडे ओढत नाही. मी आता फाटक्या जाळ्यांच्या शेजारी कोपऱ्यात असते. डब्यात जळमटे धरली आहेत, ब्रशचे निम्मे केस गळाले आहेत. वर्षभर माझ्याकडे कुणी पाहत नाही.

पण एक दिवस सोडून. राखीव संघाचा सामना असतो त्या सकाळी बापलेक मला बाहेर काढतात. "चूक हिच्या हातून झाली, तर ठिपकाही हिच्याच हातून," असे काका म्हणतो. चुनू माझ्या चाकाला तेल घालतो, डबा पुसतो. मग काका गोलरेषेवर टाच टेकवतो आणि बारा ढांगा टाकतो. हट्ट जायचा नाही तो नाहीच. बाराव्या ढांगेला तो थांबला की चुनू आगारातून आणलेली लांब फीत पसरतो आणि मी ठिपका टाकते तो फितीच्या अकरा मीटरवर, काकाच्या बुटापासून पुढे.

"किती फरक?" काका विचारतो.

पहिल्या वर्षी फरक साठ सेंटिमीटर होता. पुढच्या वर्षी ऐंशी झाला. यंदा एक मीटर दहा सेंटिमीटर. मी फितीला चिकटून उभी असते, मला आकडा नीट दिसतो.

"साठ," चुनू दरवर्षी सांगतो.

"म्हणजे आहे तसाच आहे मी," काका म्हणतो आणि माझ्या डब्यावर दोन थापा मारतो.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या घरी असेल तर तिला अधूनमधून तेल घाला, गंजू देऊ नका. मोजायचे असेल तिथे फीत लावायला लाजू नका. ठिपका जिथे हवा तिथेच टाका, मग तो आपल्या फायद्याचा असो की तोट्याचा. आणि तुमच्या घरातल्या कुणाच्या ढांगा आखूड होत चालल्या असतील, तर त्यांना मात्र साठच सांगा.